इमारतीला काम द्या
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि भगिनींनो, वारशावर बोलायला उभा राहिलेला माणूस सहसा ताजमहालापासून सुरुवात करतो. मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करणार आहे.

मराठवाड्यातल्या ज्या कसब्यात मी वाढलो, तिथे आठवडी बाजाराच्या रस्त्याला लागून एक मुसाफिरखाना होता. काळ्या दगडाचा, पुढे सात कमानी, मागे ओळीने खोल्या, मधोमध विहीर. वर माळवद आणि त्याखाली सागवानी तुळया. आमचे आजोबा सांगायचे की हजला निघालेली माणसं मुंबईची गाडी धरण्याआधी तिथे रात्र काढायची आणि सरकी-कापसाचे व्यापारी बैलगाड्या सोडून तिथेच उतरायचे. कुणीतरी अल्लाहच्या नावानं तो वक्फ केला होता. पुढे एसटी आली, लॉज आले, मुसाफिर यायचे थांबले. खोल्यांना कुलपं लागली. माळवदावर माती टाकायला कुणी चढेना. एका पावसाळ्यात कोपऱ्यातली खोली बसली, आणि भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला.

मग जमातीची बैठक झाली. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो, शिकलेला म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलेलं. ठराव होता, मुसाफिरखाना पाडून गाळे काढायचे. 'पडकी इमारत आहे, कुणाच्या डोक्यावर पडेल, गाळे काढले तर मशिदीला उत्पन्न होईल.' मुद्दे चुकीचे नव्हते. कुणी विरोध केला नाही. मीही हात वर केला. मराठीत हात वर करण्याचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तोही त्या दिवशी आम्हाला लागू पडत होता.

गाळे झाले. पहिल्या भाडेकरूंनी पागडी देऊन घेतलेले गाळे आजही जवळपास त्याच जुन्या भाड्यात त्यांच्याच ताब्यात आहेत. काही तर बंदच असतात. विहीर बुजली. सागवानी तुळया एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं वजनावर नेल्या. बऱ्याच वर्षांनी मी एका मोठ्या शहरातल्या महागड्या हॉटेलात एका लग्नाला गेलो. तिथल्या छताला तशाच कोरलेल्या तुळया होत्या. आमच्याच होत्या असं मी म्हणत नाही, पण लोक त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढत होते. आम्ही जे ओझं म्हणून विकलं, ते कुणीतरी शोभा म्हणून विकत घेतलं होतं.

त्या बैठकीत एक प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही नाही. 'मुसाफिर संपले, पण या जागेला दुसरं काय काम देता येईल?' आजचं माझं सगळं भाषण या एका प्रश्नाबद्दल आहे.

इमारत म्हातारी झाली म्हणून मरत नाही. रिकामी राहिली म्हणून मरते. ज्या घरात माणूस राहतो, त्या घरात कौल सरकलं तर दुसऱ्या दिवशी कळतं. भांड्यात थेंब पडायला लागला की कुणीतरी वर चढतं. पन्हळीत पाला अडकला तर काढला जातो. कुलूप लावलेल्या घरात तोच थेंब चार पावसाळे मुरतो. तुळईचं टोक भिंतीत कुजतं. पक्ष्यानं टाकलेल्या बीचा पिंपळ होतो आणि त्याची मुळं दगड सांध्यातून उचलतात. मग एक दिवस अभियंता येतो आणि 'धोकादायक' असा फलक लावून जातो. आपण म्हणतो, इमारत पडायला आली. खरं तर तिच्यावर नजर ठेवणारं माणूस आधीच निघून गेलेलं असतं.

म्हणून जगभर आज जुन्या वास्तू वाचवण्याचा एक भरवशाचा मार्ग मानला जातो तो म्हणजे त्यांना नवा वापर देणं. आपल्याला हा विचार परका वाटायचं कारण नाही, कारण वक्फची कल्पनाच वापराची आहे. वक्फ म्हणजे मूळ मालमत्ता रोखून धरायची आणि तिचा फायदा लोकांना वाहता ठेवायचा. मालमत्ता विकायची नाही, पण ती कामाची राहिली पाहिजे. कुलूप लावलेल्या वक्फ इमारतीत पहिली अट पाळली जाते आणि दुसरी मोडली जाते. सदका-ए-जारिया या शब्दातला 'जारी' तिथे थांबलेला असतो.

आता काही उदाहरणं. आधी वाईट सांगतो, म्हणजे 'वापर झाला की झालं' असा समज व्हायला नको.

अहमदाबादची सिदी सय्यद मशीद तुम्ही चित्रात पाहिली असेल. दगडातून झाड विणावं तशी तिची जाळी आहे. १५७२-७३ ची ही मशीद बांधणारा सिदी सय्यद हा हबशी होता. आपल्या मलिक अंबरसारखाच आफ्रिकेतून आलेल्या लोकांपैकी एक. इंग्रजांच्या काळात या मशिदीत सरकारी कचेरी भरत होती. लाहोरच्या किल्ल्यातल्या मोती मशिदीत खजिना ठेवलेला होता. त्याच लाहोरमध्ये जिला लोक अनारकलीची कबर म्हणतात, त्या अष्टकोनी मकबऱ्याचं १८५१ मध्ये चर्च झालं आणि १८९१ पासून तिथे सरकारी दफ्तरखाना आला. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन आला, त्यानं या प्रकारावर उघड नाराजी दाखवली, अशा काही जागा कचेऱ्यांकडून सोडवून घेतल्या आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा आणला.

या उदाहरणांतून दोन गोष्टी शिकायच्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतील. पहिली, ज्यांची जागा आहे त्यांना न विचारता, जागेचा मान न ठेवता दिलेला वापर हा अपमान असतो. मशिदीत तिजोरी ठेवली, तेव्हा भिंती उभ्या राहिल्या, पण मशीद राहिली नाही. दुसरी, त्याच लाहोरचा अनारकलीचा मकबरा आजही उभा आहे, छप्पर शाबूत आहे, आत पंजाबचे जुने दस्तऐवज आहेत. वापर चुकीच्या कारणानं सुरू झाला, तरी वापरामुळे देखभाल होत राहिली. म्हणजे वापर ही ताकद आहे. ती कुणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, हा खरा प्रश्न.

मशिदीबद्दल एकदा स्पष्ट बोलतो, म्हणजे गैरसमज नको. मशीद ही मशीदच राहावी. तिथे नमाज होत असेल तर तिचं काम चालूच आहे, तिला नव्या कामाची गरज नाही, चांगल्या देखभालीची आहे. मी बोलतोय ते मशिदीभोवतीच्या आणि मोहल्ल्यातल्या बाकीच्या वास्तूंबद्दल. मुसाफिरखाने, सराया, जुने मदरसे, हुजरे, हमामखाने, लंगरखाने, बंद पडलेल्या उर्दू शाळा, वाडे, बारव आणि विहिरी. आपल्याकडे हेच सगळ्यात जास्त पडून आहे आणि सगळ्यात आधी पाडलं जातं.

आता चांगलं उदाहरण. इस्तंबूलची सुलेमानिया मशीद मिमार सिनाननं १५५० ते १५५७ या काळात बांधली. ती एकटी मशीद नव्हती. भोवती मदरसे होते, दवाखाना होता, हमाम होता, आणि गरिबांना, विद्यार्थ्यांना, मुसाफिरांना जेवण देणारा इमारत नावाचा भटारखाना होता. हो, तुर्की भाषेत भटारखान्याला 'इमारत' म्हणतात. काळ बदलला, जुनी व्यवस्था संपत आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मशिदींतले गालिचे आणि हस्तलिखितं चोरीला जात होती. तेव्हा १९१४ मध्ये त्यांनी त्या भटारखान्यातच वक्फ वस्तूंचं संग्रहालय सुरू केलं. ते १९८३ पर्यंत तिथे होतं. मदरशांच्या इमारतीत १९१८ मध्ये ग्रंथालय उभं राहिलं. आज सुलेमानिया ग्रंथालय हे इस्लामी हस्तलिखितांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. ठिकठिकाणच्या छोट्या वक्फ ग्रंथालयांतल्या पोथ्या तिथे एकत्र आल्या. ज्या खोल्यांत मुलं शिकत होती, तिथे आता जगभरातले अभ्यासक शिकतात. काम बदललं, पण कामाचा हेतू तोच राहिला. वक्फच्या भाषेत बोलायचं तर वाकिफची मन्शा, म्हणजे देणाऱ्याची इच्छा, जपली गेली.

आपल्या घराजवळ या. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपलं औरंगाबाद, तिथली पाणचक्की तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असेल. लांबून जमिनीखालच्या नळांतून आणलेलं पाणी उंचावरून पडायचं, त्यावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहात येणाऱ्यांसाठी दळण व्हायचं. फुकट दळण, फुकट जेवण, आणि शिकण्याची सोय. आज त्याच परिसरात महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं कार्यालय आहे. दळण थांबलं तरी माणसांची ये-जा थांबली नाही. तिथे राबता आहे म्हणून ती जागा सगळ्यांना आपली वाटते.

पुण्याचा आगाखान पॅलेस घ्या. सर सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनी १८९२ मध्ये तो बांधला. राजवाडा होता. १९४२ मध्ये इंग्रज सरकारनं त्याचा तुरुंग केला. गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई तिथे कैदेत होते. १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई तिथेच गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. १९६९ मध्ये पुढच्या आगाखानांनी तो पॅलेस देशाला देऊन टाकला, गांधी स्मारकासाठी. एका मुस्लिम घराण्याचा राजवाडा, परक्या सरकारचा तुरुंग आणि शेवटी सगळ्या देशाचं स्मारक. एकाच इमारतीनं इतकी कामं केली. तुमच्या वर्गातल्या मित्रांना विचारा, त्यातल्या किती जणांना पहिलं वाक्य माहीत आहे. इमारत उभी आहे म्हणून निदान सांगता तरी येतं. पाडली असती तर सांगायला बोट दाखवायची जागाही नसती.

दिल्लीत काश्मीरी गेटजवळ दारा शुकोहच्या नावानं ओळखली जाणारी ग्रंथालयाची वास्तू आहे. पुढे तिच्यात इंग्रज रेसिडेंट राहिला, शिक्षणसंस्था चालल्या, सरकारी खाती आली. २०२३ मध्ये तिथे फाळणीचं संग्रहालय सुरू झालं. ज्या शहजाद्यानं दोन धर्मांच्या ग्रंथांमध्ये पूल बांधायचा प्रयत्न केला, त्याच्या घरात फाळणीच्या आठवणी ठेवल्या आहेत. कुणी ठरवून केलं असेल-नसेल, पण तिथे फिरताना माणूस विचारात पडतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण, कारण त्यात इमारतीबरोबर वस्तीही आहे. दिल्लीचं निजामुद्दीन. २००७ मध्ये आगाखान सांस्कृतिक न्यासानं पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग, दिल्ली महानगरपालिका आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातं यांच्याबरोबर हुमायूनचा मकबरा, शेजारची सुंदर नर्सरी आणि निजामुद्दीन बस्ती असं तिन्ही मिळून काम हाती घेतलं. मकबऱ्याच्या छतावर आधीच्या काळात गळती थांबवायला म्हणून काँक्रीटचे थर चढवले होते. ते उतरवले तेव्हा सुमारे १० लाख किलो काँक्रीट निघालं. विचार करा, 'दुरुस्ती' म्हणून आपण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर किती ओझं ठेवतो.

पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते बस्तीत झालेलं काम. मकबऱ्याला लागणाऱ्या रंगीत फरश्यांची कला आपल्याकडे हरवली होती. उझबेकिस्तानातून कारागीर आले आणि त्यांनी बस्तीतल्या पोरांना ती शिकवली. बस्तीतल्या बायकांचे गट उभे राहिले. 'ज़ायका-ए-निज़ामुद्दीन' हा स्वयंपाक करणाऱ्यांचा, 'इन्शा-ए-नूर' हा हस्तकलेचा. मकबऱ्याच्या जाळीवरची नक्षी त्यांच्या कात्रीतून कागदावर उतरली आणि विकली जाऊ लागली. शाळा सुधारली, दवाखाना सुधारला. वारसा म्हणजे पर्यटकांसाठी केलेली रंगसफेदी नाही. ज्याच्या दारात वारसा आहे, त्याच्या चुलीपर्यंत त्याचा फायदा पोचला पाहिजे. तो पोचला तर वस्तीच राखण करते. नाही पोचला तर दगड चोरीला जातात आणि कुणाला वाईट वाटत नाही.

आता तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, 'सर, आमच्याकडे मुलांच्या फीला पैसे नाहीत आणि तुम्ही दगडमातीचं सांगताय.' रास्त प्रश्न आहे, आणि मी त्याला उत्तर देणार आहे, कारण त्या दिवशी बैठकीत याच प्रश्नापुढे आम्ही गप्प बसलो होतो.

समजा तुमच्या गावात अशीच एक बंद वास्तू आहे. आठ खोल्या, एक लांब पडवी, एक अंगण. आपल्या मोहल्ल्यांची सगळ्यात मोठी अडचण काय आहे? घर लहान, माणसं जास्त. दहावी-बारावीच्या, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसायला शांत जागा नाही. मुलींना तर नाहीच. समजा त्या पडवीत आणि चार खोल्यांत ४० जणांची अभ्यासिका काढली. महिन्याला ५०० रुपये घेतले तर २०,००० रुपये होतात. ज्यांना परवडत नाही अशा दहा जणांना माफ केले तरी १५,००० राहतात. त्यात वीज, झाडलोट, एक राखणदार आणि दर उन्हाळ्यात छताची डागडुजी बसते. उरलेल्या खोल्यांत एकीत शिवणकामाचा वर्ग, एकीत आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर, एकीत गावातली जुनी उर्दू-मराठी पुस्तकं. अंगणात महिन्यातून एखादं व्याख्यान, मुशायरा, एखाद्या गरिबाच्या मुलीचा निकाह. गाळ्यांतून येणारं गोठलेलं भाडं आणि हे उत्पन्न, दोन्ही कागदावर मांडून बघा. आम्ही मांडून बघितलं नव्हतं, हीच आमची चूक.

काम करायचं ठरलं तर तीन प्रश्न स्वतःला विचारा. मी त्यांना चाळणी म्हणतो.

पहिला प्रश्न, हा नवा वापर देणाऱ्याच्या हेतूशी जुळतो का? मुसाफिरखाना देणाऱ्याला गरजूची सोय करायची होती. तिथे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचं वसतिगृह किंवा रुग्णांच्या नातेवाइकांना राहायची सोय जुळते. दारूची परवानगी असलेलं हॉटेल जुळत नाही, मग भाडं कितीही मिळो. आपल्या फिक्हमध्ये, विशेषतः हनफी परंपरेत, निरुपयोगी झालेल्या वक्फची अदलाबदल करायची चर्चा 'इस्तिब्दाल' या नावानं झालेली आहे आणि तिच्या अटी कडक आहेत. म्हणजे बदलाची कल्पना आपल्या बुजुर्गांना नवी नव्हती. फक्त तो बदल कुणाच्या खिशासाठी असू नये, याची त्यांना काळजी होती.

दुसरा प्रश्न, हा वापर उद्या काढून घेता येईल का? चांगला बदल तो, जो काढला तर मूळ इमारत जशीच्या तशी राहते. खोली लहान करायची तर लाकडी पडदी घाला, दगडी भिंत फोडू नका. वायरिंग भिंतीत खाचा मारून नेऊ नका, वरून पट्टीतून न्या. स्वच्छतागृह जुन्या खोलीत कोंबू नका, परसात वेगळं बांधा. पाण्याचा ओलावा हा जुन्या भिंतीचा पहिला शत्रू आहे.

तिसरा प्रश्न, सिमेंट कुठे आहे? हसू नका. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना श्वास घेतो, ओल आत आली तर बाहेर जाऊ देतो. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात, दगडाचे आणि विटेचे पापुद्रे निघतात. वरून भिंत चकचकीत दिसते आणि आतून पोकळ होत जाते. आपल्याकडे चुना घाणीत मळायचे. दगडी चाक, गोल चर, बैल. त्यात गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालायचे. हे जाणणारे म्हातारे गवंडी, पाथरवट, बेलदार अजून आहेत. त्यांतले काही आपले आहेत, बरेच हिंदू आहेत. त्यांच्याच बापजाद्यांनी आपल्या मशिदी आणि त्यांची देवळं बांधली. त्यांना शोधा, आणि त्यांच्या हाताखाली आपल्या मोहल्ल्यातली दोन बेरोजगार पोरं द्या. त्या पोरांच्या हातात एक हुन्नर येईल, ज्याची मागणी वाढते आहे आणि माणसं कमी होत आहेत.

आता थोडं कायद्याचं. कंटाळवाणं आहे पण उपयोगाचं आहे.

तुमच्या वास्तूचा कारभार कुणाकडे आहे, हे आधी शोधा. केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. या दोन्हींत आपल्या मनानं खिळासुद्धा ठोकायचा नाही, आधी त्या खात्याशी बोलायचं. मुंबईसारख्या शहरात वारसा यादी आहे. १९९५ मध्ये मुंबईनं देशात पहिल्यांदा अशी नियमावली केली.

पण आपल्या गावच्या बहुतेक वास्तू यांतल्या कुठल्याच यादीत नाहीत. तिथे वक्फचा कायदा येतो. वक्फ मालमत्ता विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, गहाण टाकता येत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनं शिक्षण, आरोग्य आणि व्यावसायिक कामांसाठी रीतसर मंजुरी घेऊन ३० वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा करण्याची वाट ठेवली. २०२५ च्या दुरुस्तीवर देशभर वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यावर तुमचं मत काहीही असो, एक गोष्ट आता कुणीही नाकारू शकत नाही. तोंडी हक्काचे दिवस गेले. ज्याच्याकडे कागद आहे, नोंद आहे, नकाशा आहे, फोटो आहेत, त्याची बाजू उभी राहते. बाकीच्यांची जागा आधी कागदावरून जाते आणि मग जमिनीवरून.

म्हणून मी तुम्हाला उद्यापासून एक काम देतो. त्याला पैसे लागत नाहीत. चार-पाच जणांचा गट करा. त्यात मुली असल्याच पाहिजेत, कारण घराघरांतल्या म्हाताऱ्या बायका ज्या गोष्टी सांगतात त्या मुलींनाच सांगतात. तुमच्या मोहल्ल्यातली जुनी वास्तू निवडा. फोनमधून आतून-बाहेरून फोटो काढा, तारखेसह ठेवा. दोरीनं, टेपनं मापं घ्या आणि वहीत नकाशा काढा. सिटी सर्व्हेचा उतारा, सातबारा, वक्फ मंडळाकडची नोंद, जुन्या राजपत्रातली यादी, जे मिळेल ते काढा. गावातल्या पाच म्हाताऱ्यांना विचारा की इथे आधी काय चालायचं. पावसाळ्यापूर्वी मुतवल्लींच्या परवानगीनं वर चढा, पाला काढा, पन्हळ मोकळी करा, लहान असतानाच पिंपळाचं रोप उपटा. एवढ्यानंच इमारतीला आणखी काही वर्षं मिळतात. मग तीन प्रश्नांच्या चाळणीतून गाळून एक कागद तयार करा, की इथे हे काम सुरू करता येईल, एवढा खर्च, एवढं उत्पन्न, एवढ्या लोकांचा फायदा. आणि तो कागद घेऊन जमातीपुढे जा.

मुतवल्लींशी भांडत जाऊ नका. त्यांतले पुष्कळ जण बिनपगारी, स्वतःच्या खिशातून वीजबिल भरणारे आहेत. त्यांच्यापुढे आजवर दोनच पर्याय ठेवले गेलेत, कुलूप किंवा बुलडोझर. तुम्ही तिसरा ठेवा. आणि जिथे कुणी खरोखरच वक्फ खात असेल, तिथे तुमची वही, फोटो आणि नोंदी हेच तुमचं हत्यार आहे.

आणखी एक. दार उघडाल तेव्हा सगळ्यांसाठी उघडा. अभ्यासिकेत शेजारच्या आळीतला मुलगा बसला, दवाखान्यात कुठल्याही घरची बाई आली, तर ती वास्तू 'त्यांची' राहत नाही, गावाची होते. ज्या मुसाफिरखान्यात कापसाचे व्यापारी उतरायचे, त्यांची जात-धर्म विचारून कुणी खोली देत नव्हतं. आजच्या दिवसांत गावानं आपली मानलेली वास्तू ही कुठल्याही तटबंदीपेक्षा सुरक्षित असते.

शेवटी परत माझ्या गावाकडे येतो. गेल्या वर्षी आमच्या गावची दोन मुलं माझ्याकडे आली. मशिदीमागे जुन्या मदरशाची इमारत आहे, छप्पर अर्धं शिल्लक, खोल्यांत लाकूडफाटा आणि मोडके मांडव ठेवतात. जमातीत ठराव येणार होता. मुलांनी मापं घेतली होती, नकाशा काढला होता, फोटो होते आणि एक पानाचा हिशोब होता. ती म्हणाली, 'सर, तुम्ही बैठकीला याल का?'

मी गेलो. बैठकीत तेच मुद्दे निघाले, 'पडकी आहे, कुणाच्या डोक्यावर पडेल.' मी उठून फक्त एवढंच सांगितलं की मुसाफिरखान्याच्या ठरावाला ज्यांनी हात वर केले होते त्यांपैकी मी एक आहे, आणि मला त्याचा पस्तावा आहे. मग मुलांनी त्यांचा कागद वाचला. ठराव पुढे ढकलला. एवढंच. अजून इमारत दुरुस्त झालेली नाही. पण लाकूडफाटा बाहेर निघाला आहे, पावसाळ्याआधी अर्ध्या छतावर पत्रे पडले आहेत, आणि एका खोलीत संध्याकाळी दिवा लागतो. सात मुली आणि चार मुलं तिथे अभ्यासाला बसतात.

ज्या इमारतीत संध्याकाळी दिवा लागतो, ती पाडायचा ठराव आणताना माणसाला दोनदा विचार करावा लागतो. तुमच्या गावात असा एक दिवा लावा. बाकीचं त्या उजेडात दिसेल.